नावापुरता उरलेला राजपुत्र

माणूस गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न प्रत्येक घराने कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो. कर्ता माणूस गेला म्हणजे प्रथम त्याच्या वस्तू उरतात आणि त्याच्या आठवणी सांगणारी माणसे उरतात. दोन पिढ्यांनंतर ती माणसेही जातात. तिसऱ्या-चौथ्या पिढीला केवळ नाव ठाऊक असते, आणि त्याच्यापुढे बहुतेक घरांत नावही शिल्लक राहत नाही. विस्मरणाच्या या प्रवासात एक टप्पा असा येतो की, जेथे माणसाचे नाव आहे, परंतु नावाखेरीज दुसरे काहीही नाही. त्याचा चेहरा, स्वभाव, सुखदुःख, सारे काही पुसले गेले आहे. अमुक याचा पुत्र आणि तमुक याचा पिता, एवढीच त्याची ओळख उरली आहे. अशा माणसांविषयी आपले काही कर्तव्य आहे काय, आणि असल्यास ते कोणते, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न सामान्य माणसांचा असला तरी त्याचे उदाहरण राजघराण्यातूनच घ्यावे लागते, कारण जुन्या काळी नोंद राहिली ती राजांची. आणि तसे एक उदाहरण आपल्या विदर्भातच, वैनगंगेच्या परिसराशी नाते सांगणारे असे आहे.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विदर्भावर वाकाटक घराण्याचे राज्य होते. या घराण्यातील पहिला प्रवरसेन हा सर्वांत प्रतापी राजा. त्याने चार अश्वमेध केले आणि सम्राट ही पदवी धारण केली. त्याच्या नंतर गादीवर आला तो पहिला रुद्रसेन. परंतु रुद्रसेन हा प्रवरसेनाचा मुलगा नव्हता, नातू होता. मधल्या पिढीत एक पुरुष होता आणि त्याचा उल्लेख ताम्रपटांत 'गौतमीपुत्र' असा येतो. सातवाहनांचा विख्यात राजा गौतमीपुत्र सातकर्णी तो हा नव्हे. त्याच्या पराक्रमाची नाशिकच्या लेण्यात प्रशस्ती आहे. या दुसऱ्या गौतमीपुत्राची कोठेही प्रशस्ती नाही. त्याचा एकही लेख, एकही दान वा एकही लढाई आपल्याला माहीत नाही. तो आढळतो तो केवळ वंशज राजांनी दिलेल्या ताम्रपटांतील वंशावळीत.

ताम्रपट म्हणजे त्या काळचे दानपत्र. राजा एखादे गाव वा जमीन दान करी, तेव्हा तांब्याच्या पत्र्यांवर ती आज्ञा कोरून, पत्र्यांना भोक पाडून, त्यांतून कडी ओवून राजमुद्रा लावीत आणि तो पट दान घेणाऱ्याच्या स्वाधीन करीत. दान देण्याचा आपला अधिकार कोठून आला, हे दाखविण्यासाठी राजा प्रारंभी आपला वंश सांगे. हा भाग ठरीव असे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच शब्दांत कोरला जाई. त्या ठरीव मजकुरात रुद्रसेनाचे वर्णन प्रवरसेनाच्या पुत्राचा पुत्र, भारशिव घराण्यातील महाराज भवनागाच्या कन्येचा पुत्र, आणि गौतमीपुत्राचा पुत्र असे येते. वाकाटक राजांना 'महाराज' हे पद लाविले आहे. भवनागालाही ते आहे. गौतमीपुत्राला मात्र नाही. एवढेच नव्हे, तर त्याच्या सासुरवाडीच्या भारशिवांनी खांद्यावर शिवलिंग वाहिले, पराक्रमाने भागीरथीचे जल मिळविले, दहा अश्वमेध केले, असे सविस्तर वर्णन त्याच वाक्यात आहे. सासऱ्याच्या कुळाला विशेषणांची रांग, आणि जावयाला एक शब्द!

आणि तो एक शब्ददेखील पुरते नाव नव्हे. गौतमीपुत्र म्हणजे गौतम गोत्रातील स्त्रीचा मुलगा. आईच्या गोत्रावरून मुलाला ओळखण्याची प्रथा त्या काळी होती. म्हणजे मुलाची ओळख आईवरून, आणि त्या आईची ओळख तिच्या माहेरच्या गोत्रावरून. दोघांचीही स्वतःची नावे काळाच्या उदरात गेली. हाती राहिले ते केवळ एक नाते.

त्याला 'महाराज' पद नाही आणि रुद्रसेनाला 'पुत्राचा पुत्र' म्हटले आहे, यावरून तो पित्याच्या हयातीतच निवर्तला असावा, असे विद्वानांचे अनुमान आहे. पुराणांत प्रवरसेनाने साठ वर्षे राज्य केल्याचे सांगितले आहे. पुराणांतील आकडे जपूनच घ्यावे लागतात. परंतु पित्याची कारकीर्द दीर्घ होती, एवढे मानण्यास हरकत नाही. चार अश्वमेध करणाऱ्या सम्राटाच्या घरी जन्मलेला, राजकन्येशी विवाह झालेला हा राजपुत्र गादीवर आला नाही.

येथपर्यंत आपण पुराव्याच्या आधाराने चाललो. आता मन पुढे धावू लागते. गादीची वाट पाहण्यात त्याचे केस पिकले असतील काय? पित्याविषयी त्याच्या मनात अढी बसली असेल काय? तो रणांगणावर पडला असेल, की दुखण्याने अंथरुणावर गेला असेल? लहानग्या रुद्रसेनाला सम्राट आजोबांनीच वाढविले असेल काय? पाहता पाहता आपण एक कादंबरी उभी करतो, आणि तिच्यातील गौतमीपुत्र ताम्रपटातील गौतमीपुत्रापेक्षा अधिक जिवंत वाटू लागतो. नेमका येथेच नैतिक प्रश्न उपस्थित होतो. ज्याच्याविषयी काही माहीत नाही, त्याच्याविषयी काहीही सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

हा प्रश्न आपल्याच देशात पडतो असे नाही. ब्रिटन बेटावरील रोमन सत्ता पाचव्या शतकाच्या प्रारंभी मावळली. त्यानंतर तेथील उत्तर भागात मूळच्या ब्रिटन लोकांची लहान लहान राज्ये होती. वेल्श भाषेशी निकटचे नाते असलेली भाषा ते बोलत. त्यांच्या राजांच्या वंशावळी सन ११०० च्या सुमारास लिहिलेल्या एका हस्तलिखितात आहेत आणि ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहे. त्यातील एका वंशावळीत मास्गविद या नावाचा एक पुरुष येतो. त्याचा आजा कोएल आणि नातू ग्वालोग ही दोन्ही नावे परंपरेत प्रसिद्ध आहेत. मास्गविदच्या नावापुढे मात्र एकच विशेषण आहे. त्याचा अर्थ 'लंगडा' असा लावितात. त्याने कोठे राज्य केले, कशासाठी लढला, कोणावर प्रेम केले, हे सारे बुडाले आणि पायातला दोष तेवढा तरला! आपल्याकडच्या राजपुत्राचे आईशी असलेले नाते उरले, तिकडच्या राजाचे लंगडणे उरले. माणसाच्या आयुष्यातील नेमके काय शिल्लक ठेवायचे, हे काळ आपल्याला विचारून ठरवीत नाही.

अशा रिकाम्या जागेपुढे माणसाचे मन दोन प्रकारे चुकते. पहिली चूक म्हणजे ती जागा भरून काढणे.

गोंदियाच्या उत्तरेला, बालाघाटच्या पलीकडे मंडला जिल्ह्यात रामनगर येथे सन १६६७ चा एक संस्कृत शिलालेख आहे. गढा-मंडला येथील गोंड राजा हिरदेशाह याने तो कोरविला. त्यात यादवराय या मूळपुरुषापासून हिरदेशाहपर्यंत पन्नासांहून अधिक राजांची नावे ओळीने दिली आहेत. इतिहासाच्या उजेडात ठळकपणे येणारा पहिला राजा संग्रामशाह; तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस व सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला, आणि यादीत त्याचा क्रमांक चाळीसच्या पुष्कळ पुढे आहे. त्याच्या आधीच्या नावांपैकी अनेक नावे वंशाची प्राचीनता दाखविण्यासाठी रचलेली असावीत, असे अभ्यासक मानतात. राणी दुर्गावतीसारखी वीरांगना ज्या घराण्यात सून म्हणून आली, त्या घराण्याला कल्पित पूर्वजांची गरज का भासावी? कारण त्या काळी जुन्या वंशालाच मान होता. दोष एकट्या हिरदेशाहचा नव्हे. राजस्थानपासून बंगालपर्यंत कितीतरी राजांनी सूर्यवंशाची वा चंद्रवंशाची शाखा आपल्या दारात आणून लाविली. युरोपातील राजांनीही आपली कुळे ट्रॉयच्या वीरांपर्यंत नेऊन पोहोचविली.

'यात कोणाचे काय बिघडले?' असे कोणी विचारील. बिघडले ते असे. जेथे कल्पित राजा बसविला, तेथे खरोखरच कोणीतरी होते. हिरदेशाहचा तिसावा पूर्वज हा हाडामांसाचा माणूस होता, कारण पूर्वजावाचून कोणी जन्मत नाही. कदाचित तो रानातील पायवाटा जाणणारा, नांगर धरणारा, आपल्या पाड्याचे तंटे मिटविणारा साधा माणूस असेल. त्याच्या जागी मुकुटधारी पुतळा उभा केला की त्या खऱ्या माणसाला दुसऱ्यांदा मरण येते. आधी तो विस्मरणाने गेला, आता लाजेपोटी गेला. काळाने केलेल्या विस्मरणाचा दोष कोणाला देता येत नाही. परंतु लाजेपोटी केलेली अदलाबदल हे आपले कृत्य असते आणि त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

ही गोष्ट केवळ राजांपुरती असती तर येथे तिचा विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही ती अपरिचित नाही. 'आमचे पूर्वज ख्रिस्ती होण्यापूर्वी अमुक उच्च जातीचे होते' हे वाक्य आपण किती घरांत ऐकले आहे! कित्येकदा त्याला एका ओळीचाही आधार नसतो. तरीदेखील सोयरीक जुळविताना ते हळूच पुढे केले जाते, आणि ज्याच्यापाशी असे वाक्य नाही, तो आपोआप खालचा ठरतो. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी दोन कुटुंबे अशा निराधार वाक्यामुळे एकमेकांपासून दूर राहतात. 'तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस' ही आज्ञा आपण जिवंत शेजाऱ्यांपुरती धरतो. परंतु आपल्या कष्टकरी पूर्वजाला नाकारून त्याच्या जागी दुसराच कोणी उभा करणे, हीदेखील एक खोटी साक्षच नव्हे काय? ती त्या मृताविरुद्ध दिलेली असते, आणि तो उलटतपासणी घेण्यास येऊ शकत नाही.

मग अनुमानही करू नये काय? अवश्य करावे. गौतमीपुत्र पित्याआधी गेला असावा, हे अनुमानच आहे. परंतु अनुमान आणि कल्पित यांत एक मोठा भेद आहे. अनुमान आपला आधार दाखविते आणि उद्या नवा पुरावा निघाला तर माघार घेण्यास सिद्ध असते. कल्पित मात्र आधार झाकते आणि पुराव्याचा राग मानते. आपल्या घरातील एखादी आख्यायिका अनुमान आहे की कल्पित, याची कसोटी सोपी आहे: उद्या तिच्याविरुद्ध कागद सापडला, तर आपल्याला कुतूहल वाटेल की संताप येईल?

दुसरी चूक पहिलीच्या उलट आहे. ती म्हणजे नावापुढे काही नाही, म्हणून ते नाव टाकून देणे. नोंद नाही, म्हणून माणूसच नव्हता असे समजणे.

याविषयी वाकाटकांचाच इतिहास पाहावा. नंदिवर्धनच्या मुख्य शाखेच्या ताम्रपटांत गौतमीपुत्र आहे, परंतु त्याच्या भावांविषयी चकार शब्द नाही. प्रवरसेनाला चार पुत्र होते व ते चौघेही राजे झाले, असे पुराणे सांगत. पण त्या भावांचा मागमूस नव्हता. सन १९३९ मध्ये वाशीम येथे एक ताम्रपट सापडला आणि वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथे या घराण्याची दुसरी स्वतंत्र शाखा नांदत होती, हे उजेडात आले. तिचा मूळपुरुष सर्वसेन हा गौतमीपुत्राचा भाऊ. याच शाखेतील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही उत्तम लेणी कोरली गेली. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी या साऱ्या लेखांचा अभ्यास करून घराण्याचा इतिहास सिद्ध केला. एवढी समृद्ध शाखा, आणि चुलतघरच्या दानपत्रांत तिचे नावही नाही! यावरून एवढाच बोध घ्यावयाचा की, यादीत नसणे म्हणजे जगात नसणे नव्हे.

यादी कोण लिहितो, यावरही पुष्कळ अवलंबून असते. दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. पतीच्या अकाली निधनानंतर तिने अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्यकारभार पाहिला. तिने स्वतः दिलेल्या ताम्रपटांत प्रारंभी वंश सांगितला आहे तो वाकाटकांचा नव्हे, माहेरच्या गुप्तांचा. लेखणी हाती आली तेव्हा एका स्त्रीने आपली आठवण आपल्या मनाप्रमाणे कोरली. ज्यांच्या हाती लेखणी कधी आलीच नाही, त्यांचे काय?

अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक येथे दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट मिळाला आहे. त्यात एक सहस्र ब्राह्मणांना गाव दान दिल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात नावे कोरली आहेत ती केवळ एकोणपन्नास. उरलेले साडेनऊशे एका संख्येत मिटून गेले. आणि त्या गावाची जमीन जे कसत होते, ज्यांच्या घामावर ते दान उभे होते, त्यांची तर संख्याही नाही. गौतमीपुत्राला निदान वाक्यात एक जागा मिळाली. त्यांना तीही नाही.

गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्याला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. येथील धानाची शेती ज्या तलावांवर आणि बोड्यांवर पोसली, त्यांतील कितीतरी कोहळी समाजातील जाणत्यांनी बांधलेली आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. लोकांनी त्याला पुढे कोलासुर देव म्हणून पुजले. सभोवतालच्या 'सात बहिणी' नावाच्या डोंगरांपैकी एकावर त्याचे ठाणे आहे. सन १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर हे तलाव सरकारच्या ताब्यात गेले. 'माजी मालगुजारी'ची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. कोलू पाटलाचे नाव कथेत तरी राहिले. परंतु डोक्यावर मातीची टोपली घेऊन ज्यांनी पाळ घातली, त्या बायाबापड्यांचे एकही नाव कोणाला ठाऊक नाही. त्यांनी अडविलेल्या पाण्यावर धान मात्र पिकत राहिले.

आता दोन चित्रे शेजारी ठेवून पाहू. एकीकडे गौतमीपुत्र: त्याची ओळख आहे, काम माहीत नाही. दुसरीकडे पाळ घालणारे: त्यांचे काम डोळ्यांपुढे आहे, ओळख नाही. यांपैकी कोण अधिक उरले? आपण कीर्तीच्या मापाने मोजू लागलो तर उत्तर सापडत नाही, कारण ते माप दोघांनाही अपुरे पडते. माणसाच्या आयुष्याचे मोल त्याच्या आठवणीत साठविलेले असते, ही समजूतच येथे डळमळते. आठवण हे जर मोल असते, तर आजवर जन्मलेल्या बहुसंख्य माणसांचे आयुष्य फुकट गेले असे म्हणावे लागेल. आणि ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत, त्यांचे आयुष्य फुकट गेले असे म्हणणे आपल्याला शोभत नाही.

या ठिकाणी संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आठवतो. मिस्सामध्ये ही वंशावळ वाचली जाते तेव्हा आपल्यापैकी अनेकांचे लक्ष इकडे तिकडे जाते, हे मान्य केले पाहिजे. अब्राहाम, दावीद, शलमोन ही नावे ओळखीची वाटतात. परंतु बाबेलच्या बंदिवासानंतर जरुब्बाबेलच्या पुढे जी नावे येतात ती पाहा: अबीहूद, एल्याकीम, अज्जूर, सादोक, याखीम, एलीहूद, एलाजार, मत्तान, याकोब. मत्तयच्या यादीतील हे नऊ पुरुष पवित्र शास्त्रात दुसऱ्या कोठेही भेटत नाहीत. ते कोणते काम करीत, कसे जगले, आपल्याला माहीत नाही. त्यांच्यापैकी कोणी गादीवर बसला नाही. दाविदाचे राज्य गेले होते आणि परक्यांचे राज्य आले होते. अशा काळात त्यांनी केलेली एकच गोष्ट आपल्याला निश्चित ठाऊक आहे: आपल्याला मिळालेले जीवन त्यांनी पुढच्याच्या हाती सोपविले. त्या साखळीच्या टोकाला योसेफ नावाचा सुतार उभा आहे.

मत्तयची यादीही परिपूर्ण नाही. योरामानंतरचे अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे तीत गाळले आहेत. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग साधण्यासाठी तसे केले असावे. दाविदाची राणी बथशेबा तिच्या नावाने येत नाही; 'उरीयाची पत्नी' म्हणून येते. गौतमीपुत्राप्रमाणेच तिचीही ओळख एका नात्यापुरती ठेविली आहे. मात्र तेथे नात्याच्या उल्लेखाने एक अन्यायही आठवणीत ठेविला आहे: ज्या उरीयाला राजाने कपटाने मारविले, त्याचे नाव राजाच्या वंशावळीतून पुसले गेले नाही. प्रतिष्ठेसाठी रचलेल्या वंशावळीत अशी नावे येत नसतात.

कोणी असेही म्हणेल की, परमेश्वराला सर्वांची नावे ठाऊक आहेत, तर मग आपण नोंदींचा एवढा खटाटोप कशाला करावा? हा आक्षेप वरवर भाविक वाटला तरी त्यात आळस लपलेला आहे. भुकेल्याची काळजी परमेश्वराला आहे, म्हणून आपण त्याला जेवू घालावयाचे नाही, असे आपण म्हणत नाही. आपल्या नोंदीमुळे मृताला मोल प्राप्त होते असे नव्हे. त्याला मोल आहे, म्हणून नोंद हे आपल्यावरचे ऋण आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सन १५६३ मध्ये धर्मग्रामांतून स्नानसंस्कार व विवाह यांच्या वह्या ठेवण्याचा नियम केला. त्यामागे विवाहातील घोटाळे टाळणे हा व्यावहारिक हेतू होता. परंतु त्याचा परिणाम मोठा झाला. राजपुत्राचे नाव ज्या वहीत, त्याच वहीत शेतमजुराच्या मुलीचेही नाव आले. ताम्रपटाने जे दीड हजार वर्षांपूर्वी केले नव्हते, ते धर्मग्रामाच्या साध्या वहीने केले.

आपल्या या भागातील काही ख्रिस्ती घरांची वंशावळ अशा वहीतील एकाच नावापाशी येऊन थांबते. सन १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतातील अनेक मुले पोरकी झाली. त्यांतील काही मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली. त्यांच्या आईबापांची नावे सांगणारे कोणी उरले नव्हते. अशा घरातील नातवंडांनी पणजोबांच्या मागे एखादा सरदार वा पुरोहित कल्पावा काय? की 'याच्या मागचे आम्हांस ठाऊक नाही' असे सरळ म्हणावे? माझ्या मते दुसऱ्या उत्तरात अधिक आदर आहे. त्या कोऱ्या जागेत भुकेने गेलेली एक आई आहे. तेथे पदवी कोरण्यापेक्षा दोन क्षण स्तब्ध उभे राहणे बरे.

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला गोंड बांधव दूरदूरहून एकत्र येतात आणि आपल्या कुळांच्या उगमाचे स्मरण करतात. गोंडांचे परधान हे 'बाना' नावाचे तंतुवाद्य वाजवीत आपल्या यजमानांची कुळे गाऊन सांगत आले आहेत. ज्या समाजाच्या राजांनी शिलालेखात संस्कृत वंशावळ कोरली, त्याच समाजाच्या गायकांनी साध्या शेतकऱ्याचे कूळही गीतात जपले. आपण आपल्या घरांत काय जपले आहे? घरोघरी भिंतीवर वंशवृक्ष टांगण्याची हौस वाढली आहे. परंतु त्यांतील पुष्कळ वंशवृक्षांत आज्या आणि पणज्या नाहीत; मुलगे आहेत, मुली नाहीत; अविवाहित राहिलेला काका नाही, बालपणी गेलेले मूल नाही. ज्यांची नावे सांगणारे कोणी तरी अजून हयात आहे, त्यांची नावे आजच लिहून ठेविली पाहिजेत. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे लिहावे. आणि जे लाजिरवाणे वाटते, तेही गाळू नये.

शेवटी आणखी एका ताम्रपटाविषयी सांगतो. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात दुसऱ्या पृथिवीषेणाचा एक ताम्रपट मिळाला. हा नंदिवर्धन शाखेचा आपल्याला माहीत असलेला अखेरचा राजा. घराण्याचे बुडालेले भाग्य त्याने सावरले, असे त्यात म्हटले आहे. या पटात नेहमीप्रमाणे वंश कोरला आहे, त्यात आपला गौतमीपुत्रही आहे. परंतु वंश सांगून झाल्यावर लेख थांबतो. कोणते गाव, कोणाला, किती, हा भाग कोरलेलाच नाही. ज्यासाठी वंश सांगावयाचा, ते दान राहून गेले.

हा अपुरा पट पाहिला म्हणजे वंशाभिमानाविषयी निराळे काही सांगण्याची गरज उरत नाही. पूर्वज कोण होते, हे आपण निवडलेले नाही. त्यांच्याविषयी खरे बोलणे, आणि ठाऊक नाही तेथे गप्प राहणे, एवढेच आपल्या हाती आहे. दानाचा भाग मात्र सर्वस्वी आपला आहे. येत्या २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी आपण कबरस्तानात मेणबत्त्या लावू, तेव्हा ज्या थडग्यांवरील अक्षरे झिजली आहेत आणि ज्यांच्यासाठी कोणी येत नाही, त्यांच्यापाशीही एखादी लावावी. तिच्या खाली कोण निजले आहे हे आपल्याला कळणार नाही. कोणीतरी निजले आहे, एवढे कळणे पुरेसे आहे.